वरची फांदी

"मावशी, हे ऐका जरा," फोनवरून नजर न काढता हेरिझो माझ्या मागे येऊन उभा राहिला. मी पिल्लांवर पाणी फवारत होते. "कुठल्या तरी थंड देशातली बाई आहे. गेल्या महिन्यात आपलं एक पिल्लू तिच्या घरी पोचलं. आता विचारतेय, त्याच जाळीच्या पिंजऱ्यात दुसरं ठेवू का? एकट्याला करमत नसेल, म्हणते."

"तिला लिही, सरड्याला करमायला कोणी लागत नाही."

"असं लिहू? गिऱ्हाईक आहे हो."

"मग गोड करून लिही. पण दोन ठेवू नको म्हणावं."

हेरिझो आमचा मॅनेजर. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, बोलायला गोड, आणि सरड्याला अजून उघड्या हाताने धरत नाही. मोरामांगा गावाच्या बाहेर, रेल्वेच्या रुळापलीकडे आमची शेड आहे. तिथे आम्ही रंग बदलणाऱ्या घोयऱ्या सरड्यांची अंडी उबवतो, पिल्लं वाढवतो आणि परदेशी पाठवतो. इथली माणसं घोयरा दिसला की अपशकुन म्हणून वाट बदलतात. तिकडे लोक त्याला दिवाणखान्यात ठेवतात आणि त्याचा वाढदिवस करतात, असं हेरिझो सांगतो. मी एकवीस वर्षं हेच काम करते आहे.

"पण चावत तर नाहीत ना एकमेकांना?" त्याने विचारलं.

"चावले असते तर बरं झालं असतं. जखम दिसते तरी."

दोन पिल्लं एकत्र ठेवली की पहिले काही आठवडे सगळं छान चालतं. मग जरा मोठं असतं ते वरच्या फांदीवर बसायला लागतं, उन्हात. धाकटं एक फांदी खाली येतं, मग आणखी एक. मारामारी नाही, फुसफुस नाही. रातकिडे तुम्ही दोघांना सारखेच टाकता, पण धाकटं मान उचलत नाही. त्याचा रंग काळवंडतो, भरदिवसा ते डोळे मिटून घेतं आणि एका सकाळी तळाशी सापडतं. यात मोठ्याचा काडीचा दोष नसतो. ते आपलं उन्हात बसलेलं असतं.

त्या आठवड्यात मात्र माल विमानतळावर अडकला होता आणि जाळ्या कमी पडल्या होत्या, म्हणून आम्हीच दोन-दोन पिल्लं एकत्र ठेवली होती. सतरा नंबरमधलं धाकटं मला बघवेना. गुरुवारी मी मासळीच्या एका खोक्याला जाळी ठोकली, आत तीन फांद्या बसवल्या आणि त्याला तिथे हलवलं. मध्ये पुठ्ठा लावला. मोठं नुसतं दिसत राहिलं तरी धाकटं खात नाही.

"मावशी, अजून एक," हेरिझो म्हणाला. "उत्तरेला अंबांजात नवी शेड होतेय. मालकांनी तुमचंच नाव घेतलंय. पिल्लांचं सगळं तुम्ही बघायचं. राहायला खोलीपण आहे."

"कशी आहे खोली?"

"खोली काय, खोलीसारखी. खिडकी आहे, दाराला आतून कडी आहे. राजवाडा पाहिजे का तुम्हाला? सोमवारी सांगा."

तो निघून गेला. मी किती वेळ एकाच जाळीवर पाणी मारत होते कोणास ठाऊक. आतलं पिल्लू नखशिखांत भिजलं.

घरी माझी मोठी बहीण, जिनेत तिचं नाव. ताई वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून लोकांना तसं वाटतं. तिला जुळी झाली तेव्हा मी अठराची होते. एका पावसाळ्यापुरती मदतीला आले, त्याला आता चौतीस वर्षं झाली. जुळी मोठी होऊन राजधानीत गेली, भावोजी वारले. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत आता आम्ही दोघी. तिची खाट खिडकीशी, माझी कपाटामागे, पूर्वी पाळणा होता तिथे. मला टायफॉइड झाला तेव्हा ताईने वाटीवाटीने पेज पाजून मला उठवलं. तिने मला कधी कशाला नाही म्हटलेलं नाही. रेल्वेतला एक सिग्नलवाला मला मागणी घालायला आला होता तेव्हासुद्धा ती एवढंच म्हणाली, "तुझं तू बघ. मुलं मात्र रडतील." तो लिचीचा एक हंगाम थांबला आणि मग बदली घेऊन गेला.

सरड्यांची मात्र तिला भयंकर भीती. कामाचा झगा दाराबाहेरच्या खिळ्याला. हात दोनदा साबणाने.

"बाको, धुतलेस?"

"धुतले."

"कोपरापर्यंत?"

बावन्न वर्षांच्या बाईला हे रोज विचारतात.

गुरुवारपासून मी एकच वाक्य घोकत होते. ताई, मी अंबांजाला जातेय. पिल्लांना मी ते तीसदा तरी ऐकवलं असेल. रविवारी जेवताना सांगायचं ठरवलं. ती ओरडेल, रडेल, मुलांना फोन लावेल. सगळ्याला उत्तरं तयार होती.

रविवारी चर्च सुटल्यावर हेरिझोची बायको ताईशी बराच वेळ बोलत उभी होती. ताई माझ्याकडे परत आली तेव्हा मी सवयीने तिच्या टोपलीला हात घातला. मोठ्यांचं सामान धाकट्यांनी उचलायचं, हे आमच्याकडे कोणी शिकवावं लागत नाही.

"राहू दे, बाको," ती म्हणाली. "मला कुठे जड होतंय."

टोपली तिने स्वतः घरापर्यंत आणली. तिच्या कानावर गेलंय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

घरी तिने कोंबडी शिजवली. पानं वाढली, भाताच्या खरपुडीचं पाणी पेल्यांत ओतलं. आणि मग डावाने शोधून शोधून कोंबडीचं बूड काढलं आणि माझ्या पानात ठेवलं.

हसू नका. आमच्याकडे तो मानाचा तुकडा. आधी बाबांचा होता, मग भावोजींचा, ते गेल्यावर ताईचा. धाकट्याने तो मोठ्याला द्यायचा असतो. मोठ्याने धाकट्याला दिलेला मी माझ्या जन्मात पाहिला नव्हता.

"ताई, हा तुझा."

"खा."

"ताई, मी…"

"गार होईल, बाको."

ती माझ्याकडे बघत नव्हती. स्वतःच्या पानातला भात तिने अजून चिवडलाही नव्हता. मी पहिला घास घ्यावा म्हणून ती वाट बघत होती. मी घास घेईपर्यंत ती थांबून आहे, असंही कधी झालं नव्हतं. तिचा हात पानाच्या कडेला टेकलेला होता; त्यावरच्या शिरा वर आल्या होत्या. माझी बहीण म्हातारी झाली आहे, हे मी त्या दिवशी पाहिलं. मला तिचा भयंकर राग आला, आणि भयंकर कीवही आली. ती एक शब्द जरी उलटा बोलली असती, तरी मी संध्याकाळी पिशवी भरली असती.

मी तो तुकडा खाल्ला. मऊ होता, तुपकट. आयुष्यात पहिल्यांदाच खाल्ला.

"मीठ बरोबर आहे?" तिने विचारलं.

"बरोबर आहे."

मग ती जेवायला लागली.

सोमवारी हेरिझो फाटकातच उभा होता. "काय लिहू मालकांना?"

"दुसऱ्या कोणाला पाठव."

"अहो, पण का?"

"तिथे मला करमायचं नाही."

"वा! आणि गुरुवारी मला काय सांगत होतात?"

"ते सरड्याचं होतं. मी सरडा आहे का?"

तो हसला. मीही हसले आणि फवारा घ्यायला गेले.

मासळीच्या खोक्यातलं पिल्लू चार दिवस एकटं होतं. वरच्या फांदीवर छान ऊन आलं होतं. ती फांदी रिकामी होती. ते सगळ्यांत खालच्या काडीवर कोपऱ्यात चिकटून बसलं होतं, पुठ्ठ्याकडे एक डोळा लावून. कालचे रातकिडे वर तसेच फिरत होते. मी बोट पुढे केलं. ते हळूहळू बोटावर चढलं. मी त्याला उचलून वरच्या फांदीवर ठेवलं आणि उन्हाकडे तोंड करून दिलं. पाठीवर जरासा हिरवा रंग आल्यासारखा वाटला.

मी नळावर जाऊन फवारा भरून आले. तेवढ्यात ते उतरून पुन्हा खाली कोपऱ्यात बसलं होतं.

मी एक बारीकसा रातकिडा चिमटीत धरला आणि खाली त्याच्या तोंडाशी नेला.