अस्तरात शिवलेले पारपत्र

मित्रांनो, मी एक जुने पारपत्र आहे. तुम्ही मला पासपोर्ट म्हणता. माझा एक कोपरा कात्रीने कापलेला आहे. मुदत संपली, आता यावर प्रवास नाही, अशी ती खूण. त्या कापण्याचे मला दुःख नाही. त्याच्याही आधीचे काही दिवस आहेत, ज्यांची भीती अजून माझ्या पानांतून गेलेली नाही.

माझा जन्म सरकारी छापखान्यात झाला. जाड आवरण, बत्तीस पाने, आणि पान उजेडासमोर धरले तरच दिसणारी नाजूक नक्षी. पहिल्या पानावर सात वर्षांच्या एका मुलीचे छायाचित्र आले. घरी तिला सगळे बिट्टी म्हणत. मला हातात घेताच तिने माझा वास घेतला.

"आई, हे नव्या वहीसारखं आहे. यात शुद्धलेखन लिहायचं का?"

"यात तू काही लिहायचं नाहीस," आई हसून म्हणाली. "तू जिथे जाशील, तिथली माणसं लिहितील."

ते ऐकून मी किती सुखावले म्हणून सांगू!

बिट्टीचे आईबाबा तोवर वेगळे राहू लागले होते. बिट्टीने आईपाशी राहावे आणि सुटीचे तीन आठवडे बाबांबरोबर त्यांच्या देशी, आत्याच्या घरी घालवावे, असे न्यायालयाने ठरवून दिले. ठरल्या दिवशी मुलीला आणून पोहोचवीन, असे बाबांनी लिहून दिले. त्यांच्या आतल्या खिशात बसून मी समुद्र ओलांडला. माझ्यावर पहिला शिक्का उमटला. तीन आठवडे सरले. परतीचे विमान निघून गेले, आणि मी खिशातच राहिले.

बाबा दुष्ट नव्हते, मित्रांनो. ते बिट्टीच्या वेण्या घालत, तिची चित्रे भिंतीवर लावत. पण "आईकडे कधी जायचं?" असे तिने विचारले, की खिशामागे त्यांचे काळीज इतके धडधडे की माझी पाने हलत.

आईने त्या देशातील न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने आज्ञा केली, की दहा दिवसांत मुलीला तिच्या घरी पोहोचवावे आणि तोवर तिचे पारपत्र न्यायालयात जमा करावे. बाबांनी उत्तर पाठवले, पारपत्र हरवले आहे. मी हरवले नव्हते! मी आत्याच्या शिवणयंत्राच्या खणात, बॉबिन आणि खडूच्या तुकड्यांत पडून होते. माझ्या नावाने असत्य बोलले गेले, आणि मला मुखच नव्हते.

दहा दिवस उलटून गेले. मग दुसरा कागद आला. त्यावर लिहिले होते, न्यायालयाचा अवमान. न्यायालयाची आज्ञा जाणूनबुजून मोडणे म्हणजे अवमान. बाबांचे वकील घरी येऊन म्हणाले, "न्यायाधीशसाहेब नुसत्या दंडावर भागवणार नाहीत. आज्ञा पाळेपर्यंत आत बसवतील. उद्या मुलीला घेऊन हजर राहा, आणि खरं ते सांगा."

वकील गेले. बाबांनी मला खणातून काढून आत्यापुढे ठेवले.

"ताई, हे बिट्टीच्या कोटाच्या अस्तरात शिवून दे. उद्या घराची झडती झाली तर सापडायला नको. न्यायालयातून सुटलो की आम्ही तसेच सीमेपार जातो."

आत्या कपडे शिवून पोट भरत असे. ती चष्म्यावरून पाहत राहिली. "लहानपणी पाटी फोडलीस की म्हणायचास, आपोआप फुटली. आता मिशा आल्या, अक्कल यायची तेवढी राहिली!"

"टोमणे नंतर मार गं. शीव आधी."

आत्याने सुई ओवली. सुई जवळ येताना मी भयाने गोठून गेले. पण तिने पक्की शिवण घातली नाही. शिंपी नुसते माप बसवून पाहताना घालतात, तसे लांबलांब कच्चे टाके तिने घातले. एक दोरा ओढला की सगळे उसवावे असे.

सकाळी बिट्टीने कोट घातला. "आत्या, हा कडक झालाय."

"आत तुझं पारपत्र आहे. फार वाकू नकोस, बाळा," आत्या म्हणाली. बाबांनी खाली बसून तिची बटणे लावली. ते म्हणाले, "आणि कुणाला सांगायचं नाही हं. आईलासुद्धा नाही. नाहीतर बाबाला पकडून नेतील."

आत्याही आमच्याबरोबर आली. न्यायालयाच्या दारातच आई उभी होती. तिने दोन्ही हात पसरले. बिट्टीचे पाऊल पुढे पडले आणि थबकले. आईने मिठी मारली असती, तर मी आईच्या हाताला लागले असते! बिट्टी ताठ उभी राहिली.

"हिला मी नकोशी झाले का?" आई पुटपुटली. मला ओरडून सांगावेसे वाटले, नाही हो, नाही!

वृद्ध न्यायाधीश म्हणाले, "ही शेवटची संधी. यापुढे काय करणार, ते स्वतःच्या हाताने लिहून द्या."

बाबांनी एक ओळ लिहिली. लेखनिकाने ती वाचली, "मी मुलीला परत नेणार नाही."

आईच्या वकीलबाई ताडकन उठल्या. "ऐकलंत, साहेब? परत नेणार नाही म्हणे! अवमान तो आणखी कसा असतो?"

"नाही, नाही!" बाबा ओरडले. "परत म्हणजे पुन्हा! असं पुन्हा नेणार नाही, असं म्हणायचंय मला!"

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "एका अर्थी हे वचन आहे, दुसऱ्या अर्थी उद्दामपणा. व्याकरणावरून मी कुणाला तुरुंगात धाडत नाही, आणि सोडतही नाही. अर्थ तुम्ही करून दाखवा. पारपत्र कुठे आहे?"

खरे बोलावे, तर बाबांचे पहिले खोटे उघडे पडणार.

"हरवलं, साहेब."

"सहा महिने कैद. पारपत्र हजर झालं, तर त्याच दिवशी सुटका."

पोलीस पुढे आला. बिट्टीने दोन्ही हातांनी कोट छातीशी आवळला. मी तिच्या मुठींखाली चेपले गेले. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"बाबा, मी नाही सांगितलं! आईलासुद्धा नाही सांगितलं! मग का नेतायत तुला?"

बाबांनी लेकीकडे पाहिले. त्यांना तिचा चेहरा त्या दिवशी प्रथमच दिसला असावा.

"ताई," ते म्हणाले, "दोरा ओढ."

आत्याने एकच हिसका दिला आणि मी उजेडात आले. पुढच्याच क्षणी बिट्टी आईच्या कुशीत होती, आणि आई त्या उसवलेल्या अस्तरावरून पुन्हापुन्हा हात फिरवीत होती.

न्यायाधीश म्हणाले, "आज्ञा पाळली, म्हणून कैद रद्द. पण असत्य बोललात, त्याची शिक्षा राहील. न्यायालय उठेपर्यंत, म्हणजे आजचं कामकाज संपेपर्यंत, इथेच पहाऱ्यात बसा. मुलगी आईबरोबर जाईल."

आई जाऊ शकत होती. पण बिट्टी हलेना. शेवटी त्या दोघी मागच्या बाकावर बसून राहिल्या. आईने लेकीचे मनगट इतके घट्ट धरले होते, की त्यावर बोटांचे वळ उठले. न्यायालय उठल्यावर बाबा दोन हात अंतरावर येऊन थांबले आणि त्यांनी आईला विचारले, "पुढच्या सुटीत... मी तिकडे येऊन भेटलो तर चालेल?" आईने मला लेखनिकाकडून मागून घेतले आणि आपल्या पिशवीच्या तळाशी ठेवले.

मित्रांनो, बाबा पुढे दर सुटीत तिकडे येऊ लागले. बिट्टी आता मोठी झाली आहे. तरीही कोणी अचानक मिठी मारली, की ती क्षणभर ताठ होते आणि तिचा हात छातीशी जातो. तुमच्यापैकी कोणाला असे काही लपवायला सांगितले असेल, तर ज्याच्यावर विश्वास आहे अशा मोठ्या माणसाला सांगा. त्यात तुमचा काही दोष नाही. आणि हे तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांनाही वाचून दाखवा. आपसांत भांडावे लागले तर त्यांनी भांडावे, पण लेकराच्या अंगावर आपले खोटे शिवू नये. मी आतून पाहिले आहे. ते फार जड असते.