फिरत्या भुजेची अकरा वर्षे

जर्मनीच्या पोमेरानिया प्रांतातील एका लहान गावी लेबरेख्ट श्टुबे नामक निवृत्त गणितशिक्षकाने अकरा वर्षे एकच व्रत आचरले होते. धान्याच्या रिकाम्या कोठारात त्याने एक लांब लाकडी भुजा उभ्या खांबाभोवती फिरती ठेवली होती. तिच्या टोकाशी निरनिराळ्या वळणांचे पंख बांधायचे आणि हवा त्यांना किती उचलते ते मोजायचे. बाहेरच्या वाऱ्याचा विटाळ मापाला होऊ नये म्हणून भिंतीची प्रत्येक फट तो सोवळ्याच्या निष्ठेने तागाने बुजवीत असे. पुढेमागे ज्याला उडायचे असेल त्याने आपल्या कोष्टकांवरून पंख बेतावेत, एवढीच त्याची आकांक्षा होती. आता त्याची दृष्टी मंदावली होती. आकडे बहीण ओटिली वाचीत असे. कोष्टकांचे पुडके बर्लिनच्या विद्वन्मंडळाकडे धाडण्यासाठी बांधून तयार होते.

त्या दुपारी खांब करकरू लागला म्हणून सुतार डेटलोव आला. चरबी लावल्यावर भुजा पुन्हा फिरती झाली, तसा तो भिंतीशी पाइप पेटवून बसला.

"इथं धूर नको म्हणून किती वेळा सांगायचं रे तुला?" ओटिली म्हणाली.

"का ताई, पंखाला ठसका लागतो की काय?"

पण लगेच त्याची नजर धुरावर खिळली. धूर वर न जाता आडवा निघाला आणि भुजेमागोमाग कोठाराला प्रदक्षिणा घालू लागला.

"मास्तर, इथली हवाच पंखाबरोबर पळतेय बघा."

लेबरेख्टला धूर दिसेना. त्याने तळवा पुढे केला. मंद, अखंड झुळूक हाताला लागली. कोंडलेल्या हवेला भुजेनेच गती दिली होती. पंखाला समोरून लागणारा वारा त्याने हिशेबात धरला होता त्याहून कमीच होता. प्रत्येक आकडा खोटा होता.

"दादा, थोडं वाढवून लिहिलं तर?" ओटिलीने विचारले.

"किती वाढवशील? हवा कोणत्या दिवशी किती फिरत होती, ते आपण लिहिलंय कुठं?"

"मग दारं उघडी टाकून पुन्हा मोजू. मी वाचते ना."

"उघड्यावर वारा मोजू देणार नाही, आणि मी बहात्तरचा आहे, ओटी."

डेटलोवने पाइप विझवला. "मी पेटवायलाच नको होता, मास्तर."

"अकरा वर्षांपूर्वी पेटवायला हवा होतास," लेबरेख्ट शांतपणे म्हणाला. मग बहिणीकडे वळून, "पुडकं पाठवू नकोस. यावर विसंबून कोणी पंख बांधील."

तिने भुजा हाताने थांबविली. हवा मात्र बराच वेळ त्या तिघांभोवती फिरत राहिली.