सरावाचे दात

"नवे, टेबल रिकामं कर आधी! साहेब जिना चढतायत!"

मालकांचा आवाज चिरकला तशी नवी आपल्या टेबलावरच्या कवळ्या भराभर उचलून पगारी कारागिरांपुढे मांडू लागली. दातांच्या त्या लॅबमध्ये ती बिनपगारी शिकाऊ होती. आली तेव्हा सगळे तिला नवी म्हणाले. तीन वर्षांत भिंतींचा रंग उडाला, पण ही आपली नवीच राहिली. गावातली किती तोंडं तिच्या हातच्या दातांनी चावत होती, देव जाणे! शिकाऊचं काम गिऱ्हाइकाकडे गेलं की कायद्याने तो कामगार, आणि कामगार म्हटला की पगार आला. म्हणून तपासणीच्या वेळी तिची मेहनत दुसऱ्यांच्या टेबलावर जाऊन बसायची.

एक कवळी तेवढी मागे राहिली. तिच्यावर गिऱ्हाइकाची चिठ्ठी नव्हती, म्हणून हलवायचं सुचलंच नाही. ती तिच्या वडिलांची होती. दात गेल्यापासून ते चारचौघांत जेवायला लाजत. "उरलेल्या मालातून कर, जेवणाच्या सुट्टीत," असं मालकच म्हणाले होते. आज सकाळीच तिने शेवटची झिलई दिली होती.

कामगार खात्याच्या साहेबांनी नेमकी तीच उचलली.

"हे कुणाचं?"

"सरावाचं," मालक म्हणाले.

"सराव, आणि इतका सुबक? बाई, घाबरू नका. कुणाच्या तोंडात जाणार असेल तर सांगा. आजवरचा पगार मिळवून देतो."

साहेबांच्या पाठीमागे मालकांनी चक्क हात जोडले होते. पहिल्या तारखेपासून तिला कायम करायचा शब्द त्यांनी कालच दिला होता. साहेब काय, आज आहेत, उद्या नाहीत. मालकांशी गाठ रोजची.

"सरावाचंच आहे, साहेब. अजून शिकतेय मी."

"बघा! आणि सरावाचं काम आम्ही ठेवत नाही, फोडतो," मालकांना भलताच जोर चढला. "फोड गं."

त्यांनी हातोडी तिच्या हातात दिली. पहिल्या घावाला टाळू तडकली, दुसऱ्याला दात उडाले. एक साहेबांच्या बुटापाशी गेला. त्यांनी पाय बाजूला घेतला, तिचं म्हणणं कागदावर उतरवून त्यावर तिची सही घेतली आणि ते निघून गेले.

"मालक, पहिल्या तारखेचं..."

"आता कसं करू? तूच लिहून दिलंस ना, अजून शिकतेय म्हणून! लगेच कारागीर दाखवलं तर त्यांना संशय येईल. थांब वर्षभर."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातोडी अजून हातातच होती. तिने ती खुंटीला अडकवली आणि केरसुणी घेतली.

घरी वडील दाढी करून, तोंड खळखळून धुऊन आरशापुढे बसले होते. शेजारी ताटलीत एक अख्खं सफरचंद होतं.

"आणलेस?"

आपल्या हाताने फोडले, हे तिच्या जिभेवर येईना.

"नाही जमले, बाबा. बिघडले."

त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"असू दे गं. तीन वर्षांत नाही जमलं म्हणून काय झालं? सगळ्यांचाच हात लवकर बसत नाही. शिकशील हळूहळू."

तिने किसणी घेतली आणि सफरचंद किसू लागली.