ओसिंगची उघडणारी जाळी

मित्रांनो, माझ्याकडे फारसे कुणी बघत नाही. माझ्यातून पलीकडे बघतात. मी एक जुनी लोखंडी जाळी आहे. इलोइलो शहराच्या ला पाझ भागात, बाजारामागच्या गल्लीत, एका लाकडी घराच्या माडीवरच्या खिडकीला मी बसवलेली आहे. मला गंज चढला आहे, रंगाचे पापुद्रे निघाले आहेत. पण जिने मला घडवले तिची हकिकत मला सांगितलीच पाहिजे, कारण माझे आयुष्य तिच्यापासून वेगळे काढता येत नाही.

तिचे नाव युफ्रोसिना तुपास. गल्लीत सगळे तिला ओसिंग म्हणत. तिचे वडील जीपनी नावाच्या प्रवासी गाड्यांचे सांगाडे जोडत. त्यांची नजर अधू झाली तेव्हा ओसिंगने त्यांची हत्यारे हाती घेतली. बाई वेल्डिंग करते म्हणून लोक आधी हसले, मग हळूहळू काम घेऊन येऊ लागले. त्या वर्षांत ला पाझमध्ये चोऱ्या फार होत. माणसे रविवारी चर्चमध्ये मिस्सेला गेली की मागे चोर घर धुऊन नेत. म्हणून ओसिंगने गाड्या सोडल्या आणि खिडक्यांच्या जाळ्या करायला घेतल्या. मला तिने स्वतःच्या घरासाठी बनवले. माझे गज अंगठ्याएवढे जाड, मध्ये सांपागिताच्या फुलांची नक्षी, आणि चारही पाय भिंतीच्या चौकटीत खोल ठोकलेले. तिची आई, नानाय पिलार, शेजारणींना कौतुकाने सांगे, की हिच्या जाळीतून मांजराचे डोकेही शिरायचे नाही. ते खरेच होते. ओसिंगची जाळी असलेले घर कधी फुटले नाही. दुकान वाढले. मी खिडकीत ऐटीत उभी असे.

गल्लीच्या टोकाला आम्बिंग राहायची. ओसिंग आणि ती लहानपणापासून एका वाडग्यातून बाचोय हे शेवयांचे सूप खाणाऱ्या मैत्रिणी. आम्बिंगचा नवरा सियानो मालवाहू जहाजावर खलाशी होता. एकदा जहाजावर निघताना तो ओसिंगकडे आला आणि म्हणाला, की माझ्या मागे घरात बायको आणि लहान मुलगी एवढीच आहेत, तेव्हा तुमच्याकडची सगळ्यात मजबूत जाळी लावा. ओसिंगने तशीच लावली.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला, भर दुपारी, आम्बिंगच्या शेजारच्या घरात गॅसची शेगडी भडकली. घरे लाकडाची, त्यात वारा. आम्बिंग माडीवर निजली होती. मुलगी मायांग शाळेत होती. जाग आली तोवर जिना पेटला होता. आम्बिंग खिडकीशी आली. माणसांनी पहारी आणल्या. ओसिंग करवत घेऊन शिडीवर चढली आणि आपल्याच हातचे लोखंड कापू लागली. मी माझ्या जागेवरून पाहत होते. जाळी हलली नाही. ती हलू नये म्हणूनच तर बनवली होती.

मित्रांनो, याहून जास्त मी सांगणार नाही.

सियानो पोहोचला तेव्हा आम्बिंगला पुरायची वेळ झाली होती. दफन उरकल्यावर तो राखेपाशी जाऊन उभा राहिला. ओसिंग त्याच्या मागे जाऊन थांबली. थोरल्या बहिणीला म्हणतात तसे तो तिला मानांग म्हणे.

"घर गेलं, मानांग. तुमची जाळी तेवढी शाबूत आहे. काम चोख केलं होतंत."

त्यात टोमणा नव्हता. तो दिसले ते बोलला होता. त्या दिवशी ओसिंग घरी आली आणि माझे गज धरून उभी राहिली. तिच्या तळव्यांना भाजल्याचे फोड होते. तिने दुकानाला कुलूप लावले. लोक जाळ्या मागायला येतच होते, कारण चोर काही थांबले नव्हते. नानाय त्यांना दारातूनच परत पाठवी.

मग एके सकाळी ओसिंग करवत घेऊन आली आणि मला भिंतीतून कापू लागली. माझे पाय तुटत होते. माझे आयुष्य संपले असेच मला वाटले.

"इंदाय, पोरी, आपल्याच घराची खिडकी उघडी टाकतेस?" नानाय म्हणाली. "मग चोरांना जेवायलाही बोलाव."

"जाळी आतून उघडली पाहिजे, नानाय."

"आतून उघडली तर बाहेरूनही उघडेल. मग ती लावायची कशाला?"

ओसिंग करवत चालवत राहिली. तिने मला दुकानात एका चौकटीत टांगले, एका बाजूला बिजागऱ्या जोडल्या आणि दुसऱ्या बाजूला खटका बसवला. नानायने बाहेरच्या अंगाने कपडे वाळत घालायची आकडी आत घातली आणि खटका ओढून मला उघडले. "हा घे, आला चोर," ती म्हणाली आणि भात बघायला निघून गेली. ओसिंगने दुसरा खटका केला, तिसरा केला. कधी तो आकडीने उघडे, कधी आतूनही उघडत नसे. माझ्या अंगावर इतकी भोके पडली की नक्षीतली अर्धी फुले गेली. शेवटी तिने खटका हाताऐवजी पायाला दिला. खाली, जमिनीलगत, एक लोखंडी पट्टी बसवली आणि बाहेरच्या बाजूने पत्र्याने झाकली. आतल्या माणसाने पट्टीवर पाय ठेवून भार टाकला आणि त्याच वेळी मला ढकलले तरच मी उघडत असे. बाहेरून आकडी घालून दोन्ही एकदम करता येत नसे. आणि मी उघडले की वरची घंटा वाजे, चोर असो वा आग, गल्लीला कळावे म्हणून.

मग ओसिंगने आईच्या डोळ्यांवर फडके बांधले. धुरात काही दिसत नाही, ती म्हणाली, तशीच उघडून दाखव. नानायचे गुडघे धरलेले. पट्टी दबली नाही.

"मी म्हातारी आहे गं. हे तरण्यांसाठी कर."

"तुझ्या पायाने उघडली तरच मी विकीन."

ओसिंगने स्प्रिंग बदलली, पुन्हा बदलली. आणि ज्या दिवशी नानायच्या सुजलेल्या पायाखाली पट्टी दबली, मी सहज उघडले आणि घंटा वाजली, त्या दिवशी नानायने डोळ्यांवरचे फडके काढले नाही. त्याच फडक्याने ती डोळे पुसत बसली.

पण उघडणारी जाळी कुणाला नको होती. उघडते ती जाळी कसली, असे लोक तोंडावर विचारत. ओसिंग आपल्या जुन्या जाळ्या बदलून द्यायला दारोदार गेली; बहुतेकांनी दार लावून घेतले. तिचे कारागीर दुसरीकडे गेले. अशात एक दिवस सियानो दुकानात आला. मुलीसाठी त्याने समुद्र सोडला होता आणि त्याच जागेवर नवे घर बांधायला घेतले होते. तो माझ्यासमोर बसला. पट्टी दाबून त्याने मला उघडले, बंद केले, पुन्हा उघडले.

ओसिंग त्याला धाकट्या भावासारखे तोतो म्हणे. ती म्हणाली, "तोतो, माझ्या हातची जाळी तू पुन्हा लावावीस असं मी म्हणणार नाही."

"माझ्या घराला लावा," सियानो म्हणाला. "आणि मायांगला शिकवा. तिला माझ्याआधी उघडता आली पाहिजे."

ती पहिली विक्री. त्यानंतर विद्यापीठाजवळच्या मुलींच्या एका वसतिगृहाने जाळ्या घेतल्या. काही वर्षांनी तिथे आग लागली, घंटा वाजल्या आणि सगळ्या मुली खिडक्यांतून शेजारच्या गच्चीवर उतरल्या. मग मात्र बाकोलोदहून, सेबूहून, मनिलाहून मागणी येऊ लागली. कारखाना उभा राहिला. पुढे दाराची वीजघंटा आली, धूर ओळखणारी पेटी आली. ओसिंगला बक्षिसे मिळाली. एका समारंभात तिने मला ट्रकमधून नेले आणि भाषणाऐवजी पाहुण्यांना सांगितले, डोळे मिटून ही उघडा. एका मोठ्या बांधकामवाल्याला शेकडो घरांसाठी न उघडणाऱ्या स्वस्त जाळ्या हव्या होत्या. ते काम तिने परत पाठवले. का, ते तिच्या माणसांना विचारावे लागले नाही. आज कारखाना मायांग चालवते.

मला ओसिंगने पुन्हा माझ्या खिडकीत बसवले. ती कारखान्याजवळ राहायला गेली, नानाय वारली, या घरात भाडेकरू आले. मला कुणी तेल घातले नाही. पट्टीवर तांदळाची पोती आली. शेजारी चोरी झाली तेव्हा भाडेकरीण बेबेथने माझ्या गजांना साखळी बांधून कुलूप ठोकले.

म्हातारी ओसिंग एकदा जुने घर बघायला आली. बेबेथने तिला खुर्ची दिली, भात चुलीवर असल्याचे सांगितले. ओसिंगची नजर माझ्यावर गेली.

"चावी कुठे आहे?" तिने विचारले.

बेबेथ शोधू लागली. कपाट पाहिले, पर्स उलटी केली, नवऱ्याला फोन केला. ओसिंग खुर्चीत बसून वाट पाहत राहिली. भात करपल्याचा वास आला तरी बेबेथ शोधतच होती. आधी ती नुसती गडबडली होती. आता ती रडू लागली, कारण ती खुर्चीतली बाई कशाची वाट पाहते आहे आणि आगीत इतका वेळ मिळाला नसता, ते तिला उमगले. चावी सापडली ती मुलाच्या खेळण्यांत. ओसिंगने कुलूप आपल्या पिशवीत टाकले, पोती दोघींनी मिळून सरकवली, आणि त्या करपलेला भात खायला बसल्या.

त्याच वर्षी ओसिंग गेली. आता बेबेथ मला तेल घालते.

मित्रांनो, घराला जाळी जरूर लावा. पण आज घरी गेलात की ती एकदा आतून उघडून बघा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला उघडायला सांगा. उघडली तर बंद करा आणि जेवायला बसा. नाही उघडली, तर आधी जाळी. जेवण थांबू द्या.