माझी सेंटिमीटरची बाजू

मी मोजपट्टी बोलतेय. शिंप्याच्या गळ्यात लोंबते ती, पिवळी, मऊ, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या असलेली. शाळेतल्या त्या ताठ फूटपट्टीशी माझी गल्लत करू नका. तिला सरळ रेषेपलीकडे काही कळत नाही. मी माणसांच्या कमरेभोवती फिरून आलेय. माप देताना झाडून सगळे पोट आत घेतात आणि महिन्याने येऊन म्हणतात, "बाई, घट्ट शिवलंत!"

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका यंत्राने माझ्या एका अंगावर साठ इंच छापले, दुसऱ्याने दुसऱ्या अंगावर दीडशे सेंटिमीटर. मग आम्हा बारा बहिणींना एका डब्यात कोंबलं. डबा उघडला तो आमच्या बाईंनी.

बाई म्हणजे लेडीज टेलर. घराची पुढची खोली हेच दुकान: दोन मशिनं, कापायचं टेबल, आरसा, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत मास्तर. मास्तर म्हणजे बाईंचे सासरे. दुकान त्यांचं, शिकवण त्यांची, आणि चुका काढायचा हक्कही त्यांचाच. वय झालं की माणूस शांत होतो म्हणतात. कोण म्हणतं कुणास ठाऊक, ते आमच्या दुकानात कधी आलेले नसणार.

अकरा वर्षं मी बाईंच्या गळ्यात होते आणि अकरा वर्षं माझी इंचांची बाजूच वर होती. सेंटिमीटरची बाजू बाईंच्या घामाला चिकटून बसलेली. ती कशासाठी छापली, हा प्रश्न मीसुद्धा विचारायचं सोडून दिलं होतं.

बाईंचा भरतकामावर फार जीव. पण त्यांच्या ओढणीवरचं पान नुसतं पान नसायचं. खऱ्या झाडाचं पान आणून, त्याच्या शिरा बोटाने चाचपून मग त्या टाके घालायच्या. गिऱ्हाईक विचारायचं, "एवढं कोण बघतंय?" बाई म्हणायच्या, "मी." आणि एक दिवस त्यांनी कापायच्या टेबलावर विद्यापीठाचा अर्ज पसरला. वनस्पतिशास्त्र, पहिलं वर्ष.

मास्तरांनी चष्मा वर केला. "सत्तेचाळिसाव्या वर्षी कॉलेज? सूनबाई, आता नातवंडांचे गणवेश शिवायचे दिवस."

"तुमचा नातू अजून लग्नाला तयार नाही, बाबा, आणि तुम्ही गणवेश बेतायला घेतलेत!"

"आणि दुकान?"

"सकाळी तुम्ही, दुपारनंतर मी."

"मी? माझे गुडघे?"

"मशीन मोटारीवर चालतं, बाबा. गुडघ्यांवर नाही."

बाईंचा नवरा ट्रकवर ड्रायव्हर. त्याने फोनवर एवढंच विचारलं, "अर्ज भरलास ना? मग जा की." मास्तरांनी मात्र अट घातलीच. पहिल्या परीक्षेला कॉलेजने बसू दिलं नाही किंवा नापास झाली, तर कॉलेज बंद आणि दुकान पूर्ण वेळ. बाईंनी मान हलवली. मला इतका राग आला! सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला अट? आणि तिने ती मान्य करायची? पण मोजपट्टीला कोण विचारतो.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी बाई घाईत मला गळ्यातून काढायला विसरल्या. वर्गात साठ पोरं, वयाने बाईंच्या मुलापेक्षाही लहान. शेजारची एक मुलगी म्हणाली, "काकू, तुमच्या गळ्यात टेप आहे." बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मला पर्समध्ये कोंबलं. ती मुलगी पुढचे पाच तास बोलतच राहिली, म्हणून बाईंनी तिचं नाव चिमणी ठेवलं. चिमणी त्यांची प्रयोगशाळेतली जोडीदार झाली. प्रयोगशाळेत सगळे दोघादोघांनी काम करायचे.

बाईंचं एक मला मुळीच आवडायचं नाही. त्या सतत माफी मागायच्या. बाकावर बसताना माफी, प्रश्न विचारताना माफी. शिकवणाऱ्या मॅडम त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, तरी बाई उभं राहून बोलायच्या. अहो, दुकानात गिऱ्हाइकाला "हात वर करा, वळा, श्वास सोडा" असं सुनावणाऱ्या तुम्हीच ना?

मग लिंबाच्या झाडाचा प्रयोग आला. कॉलेजच्या आवारात एक मोठं लिंबाचं झाड होतं. त्याच्या उन्हातल्या बाजूची पंचवीस पानं आणि सावलीतली पंचवीस पानं मोजायची, आणि कुठली मोठी ते बघायचं. चिमणीने उन्हातली पानं घेतली आणि आपली फूटपट्टी काढली. बाईंनी सावलीतली घेतली आणि पर्समधून मला काढलं. मला उलटं केलं. अकरा वर्षांनी माझ्या सेंटिमीटरच्या बाजूला उजेड दिसला. मी आनंदाने अशी सरळ झाले म्हणून सांगू, एक सुरकुती नाही.

पहिलं पान. मी दाखवले सात. बाईंनी वहीत लिहिले आठ.

मला वाटलं, नजर चुकली. दुसरं पान. मी सहा, वहीत सात. तिसरं, चौथं, पाचवं, तसंच! मी ओरडून ओरडून सांगत होते, पण आमचं ओरडणं कुणाला ऐकू येतंय? मग लक्षात आलं. ही दुकानातली सवय. शिवताना आत दुमडून जाणारं जादा कापड सोडावं लागतं, त्याला शिंपी माया म्हणतात. मास्तरांची पद्धत अशी की पट्टी बघायची, माया मनातल्या मनात मिळवायची आणि वहीत थेट तोच आकडा लिहायचा, म्हणजे कापताना विसर नको. बाईंचा हात तीस वर्षं तेच करत होता. अर्ध्या इंचाच्या जागी इथे एक सेंटिमीटर, बाकी काही फरक नाही. डोळा विद्यार्थिनीचा आणि हात शिंपिणीचा.

उत्तर आलं ते झकास! सावलीतली पानं उन्हातल्यांपेक्षा जवळजवळ दोन सेंटिमीटर मोठी. सावलीत पान मोठं होतं हे पुस्तकातही होतं, पण इतका ठसठशीत फरक कुणाचाच आला नव्हता. शुक्रवारी मॅडमनी वहीवर 'उत्तम' लिहून सही केली. "सोमवारी तुम्ही दोघी वर्गाला समजावून सांगा." चिमणीने बाईंना मिठीच मारली. त्या दिवशी बाईंनी परत येईपर्यंत एकदाही कुणाची माफी मागितली नाही.

रविवारी दुकान बंद. बाईंनी कौतुकाने वही मास्तरांपुढे ठेवली. नमुना म्हणून तीन पानं त्यात चिकटवलेली होती. मास्तरांनी पहिल्या पानावर अंगठा ठेवला, मग करंगळी, मग खाली लिहिलेला आकडा बघितला.

"हे आठ?"

"हो."

"पट्टी दे."

त्यांनी मला पानावर टाकलं. "सात."

"वाळलंय ना, बाबा. आकसलं असेल."

दुसरं पान. तेही एकाने कमी. तिसरं. तेही. मास्तर खुर्चीत मागे रेलले आणि त्यांच्या तोंडावर जे समाधान पसरलं, ते बघून मला त्यांना चावावंसं वाटलं. "सगळ्या पानांनी ठरवून एकेक सेंटिमीटर आकसायचं? माया धरलीस, सूनबाई! पानाला शिवण घालणार होतीस का?"

बाईंनी वही ओढून घेतली आणि तिन्ही आकडे पुन्हा वाचले. आणि मी? अकरा वर्षं ज्या म्हाताऱ्यावर जळत होते, तोच एकटा माझ्या बाजूने बोलला होता. पण ही खोड लावली कुणी, ते तो सोयीस्कर विसरला होता, हेही सांगून ठेवते.

बाईंनी चिमणीला फोन केला.

"काकू, वेड लागलंय का? सही झालीय!"

"आकडे खोटे आहेत गं."

"पण उत्तर तर तेच येणार ना! सावलीतली मोठीच. कुणाला कळणार आहे?"

"मला."

"मॅडमनी सही खोडली तर? बुधवारी वह्या जमा. वही अपुरी असेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. मग तुमच्या त्या मास्तरांची अट..."

बाईंनी वहीतली ती सही पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाल्या, "ब्लाऊज चुकला तर मी तो उसवते. गिऱ्हाइकाला कळो न कळो. उसवायला कसली लाज?"

फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी मला बोटाभोवती इतकं घट्ट गुंडाळलं, की बोट पांढरं पडलं.

सोमवारी त्या वर्गापुढे उभ्या राहिल्या. साठ तोंडं. त्यांनी मला पर्समधून काढून सगळ्यांसमोर गळ्यात टाकलं आणि सांगितलं, "मी टेलर आहे. दुकानात आम्ही माप वाढवून लिहितो. तीच सवय मी इथे आणली. माझी पंचवीसही मापं चुकीची आहेत."

मागून एक आवाज आला, "काकू, पानाला बाह्या पण लावणार होतात?" वर्ग खो खो हसला. बाईसुद्धा हसल्या. "लावल्या असत्या, पण पान हात वर करेना!"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वही घेतली, मला कपाटातल्या स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवून तपासलं. मी मिलिमीटरभरही खोटी निघाले नाही, नोंद घ्या. मग त्यांनी आपली सही खोडली. "जुन्या आकड्यांतून एक वजा करून चालणार नाही. झाडावरून नवी पन्नास पानं. बुधवारी दुपारपर्यंत."

बाईंनी "माफ करा" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. "आणते," एवढंच म्हणाल्या.

चिमणी मंगळवारभर गाल फुगवून होती, पण आली. लिंबाखाली बसल्यावर बाई म्हणाल्या, "मी पट्टी बघून आकडा बोलणार, तू लिहायचंस. माझ्या हातात पेन द्यायचं नाही. मागितलं तरी नाही."

"आणि ओढून घेतलंत तर?"

"तर हातावर फटका मार. मास्तर असाच मारायचे."

"सहा पूर्णांक आठ!" बाई ओरडायच्या, चिमणी लिहायची. दोनदा बाईंचा हात आपोआप पेनाकडे गेला आणि दोनदा फटका बसला. तिसऱ्यांदा दोघी इतक्या हसल्या की पानं सांडली आणि उन्हातली सावलीत मिसळली. पुन्हा तोडून आणली. मी त्या दिवशी शंभरेक पानांवरून सरपटले. इतकी दमणूक आणि इतकं सुख मला कुठल्याच कमरेने दिलं नव्हतं.

नवं उत्तर आलं: फरक फक्त आठ मिलिमीटर. छोटंसं, रुबाब नसलेलं, पण खरं. बुधवारी मॅडमनी सही केली. या वेळी 'उत्तम' नाही, नुसती सही. जाता जाता म्हणाल्या, "सगळ्या मापांत एकसारखी चूक. ही मी पुस्तकातून शिकवते, पण कुणाला समजत नाही. पुढच्या वर्षी तुमचं उदाहरण देऊ का?"

"नाव घालून द्या," बाई म्हणाल्या.

घरी मास्तरांनी मान वर न करता विचारलं, "किती भरलं?"

"आठ मिलिमीटर."

"हं," म्हणाले, आणि गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप लिहू लागले, माया धरून. तो माणूस बदलायचा नाही. पण परीक्षेच्या आठवड्यात दुपारनंतरही मशीन त्यांनीच चालवलं आणि गुडघ्यांचा उल्लेख फक्त चार वेळा केला.

बाई पास झाल्या. आता त्या दुसऱ्या वर्षाला आहेत. दुकानात माझ्या जागी नवी पट्टी आली. माझं पहिलं इंच झिजलंय, दोनाचा आकडा पुसट झालाय, एक टोपी निखळलीय. इंचांच्या कामाला मी संपले म्हणा ना. पण सेंटिमीटरची बाजू अजून नवीकोरी आहे, आणि मी आता बाईंच्या कॉलेजच्या पिशवीत राहते, भिंग आणि चिमट्याच्या शेजारी. टोपी गेलेल्या टोकाला हात न लावता त्या दहापासून मोजतात आणि दहा वजा करतात.

एकच मागणं आहे. कुठल्या तरी घरात, कुठल्या तरी खणात माझी एखादी बहीण वर्षानुवर्षं गुंडाळून पडलेली असेल. तिला बाहेर काढा. उलटी करून बघा. आणि ती जो आकडा दाखवेल तोच लिहा, मास्तर काहीही म्हणोत.

बरंय, साडेनऊ वाजले. चिमणी प्रयोगशाळेच्या दारातून हाका मारतेय आणि बाई जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढताहेत. आज मुळं मोजायची आहेत.