शेताला खार कोण पाजणार?

मी एक जुनी उघाडी आहे आणि मित्रांनो, मी रागावले आहे.

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधात बसवलेले लाकडी दार. नालासोपाऱ्याच्या खाडीकाठी श्रीपतच्या आजोबांनी मला सागाच्या फळ्यांतून घडवले. माझी बिजागरी वरच्या बाजूला आहे. ओहोटीला शेतातले पावसाचे पाणी मला ढकलून खाडीत जाते. भरती आली की तिच्याच जोराने मी मिटते. पण वर्षातून एकदा, वैशाख अमावास्येच्या उधाणाला, घरातली माणसे मला दोराने वर ओढून धरत आणि खाडी शेतात घेत. याला म्हणायचे शेताला खार पाजणे. त्याआधी माझ्यापुढे नारळ फुटायचा. पुढे पावसाने वरवरचा खार धुऊन जायचा आणि आवणात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, वाढलेली भाताची रोपे शेतात लागायची.

मग श्रीपतच्या मुलाने, दीपेशने, भरावाचे ट्रक घेतले. शेजारच्या खाजणावर, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीवर, भराव पडून इमारती उठल्या. त्या मातीतून परक्या गवताचे बी आले, मोहरीहून बारीक. वाऱ्याने ते आमच्या शेतातही पडले. त्याने काही बिघडले नव्हते. खाऱ्या मातीत ते नुसते निजून राहिले.

पुढे इमारतीतल्या लोकांना खाडीचे पाणी इतक्या जवळ येणे खटकू लागले. दीपेशने माझ्यावर लोखंडी पट्टी ठोकली. पावसाच्या पाण्यासाठी बाजूने झडपेचा पाइप टाकला.

"बाबा, खार पाजून काय मिलतं तुम्हाला?"

"रीत हाय आपली," श्रीपत म्हणाला.

"रीत! उद्या खाडीला चहा पन पाजा."

श्रीपत हसला. त्याची बायको जिजाही हसली. माझा संताप झाला तो तेव्हा. पिढ्यान् पिढ्या माझ्यापुढे नारळ फोडणाऱ्या या घरात, मला कशासाठी उघडतात हे एकालाही सांगता येईना!

खार पाजणे थांबले. आता गोडे पाणी, जमिनीची ऊब आणि वर ऊन. बियांना आणखी काय हवे? पहिल्याच पावसाळ्यात भात लागण्याआधी गवताने शेत व्यापले. त्याची धारदार पाती उपटताना जिजाची बोटे कापली. उन्हाळ्यात श्रीपतने ते पेटवून दिले. वरचे गवत जळले. मातीखालचे बी सुखरूप राहिले. सावली गेली, उघडी माती दिवसा तापू लागली, रात्री निवू लागली. त्या बियांना तेच हवे होते. पुढच्या पावसात गवत दुप्पट उठले.

"यंदा पन गवतच आलं तर मी भराव टाकतो," दीपेशने बजावले. "मंग रडू नका."

चैत्रात जिजा बांधावर आली आणि माझ्यापाशी थबकली.

"अवो, हे बघा. सगलीकडं गवत, नि इथंच बोडकं!"

माझा खालचा कोपरा सडला होता. त्यातून भरतीचे पाणी झिरपून पंख्याच्या आकाराची जागा ओली होती. जिजाने तिथली चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"खारट! दीप्या, ही पट्टी काढ."

"आये, बिल्डिंगवाले बोंबलतील."

"बोंबलू दे. पानी माझ्या शेतात येनार, त्यांच्या हॉलमध्ये नाय."

माझ्या सडण्यातून त्यांना शहाणपण सुचले, याचा मला अधिकच राग आला.

पट्टी गंजून बसली होती. ती कापताना माझी एक फळी फुटली. वैशाख अमावास्येला तिघांनी दोर ओढला. मी कुरकुरत वर गेले आणि खाडी शेतात शिरली.

मित्रांनो, ते बी मेलेले नाही. खार धुतला गेला की त्यातले काही उठेलच. पण तोवर भाताची रोपे उंच होऊन त्याच्यावर सावली धरतील. यंदा शेतावर भराव पडणार नाही, एवढेच पदरात पडले आहे.

श्रीपत नारळ घेऊन आला होता. फोड बाबा, फोड. पण आधी माझा कोपरा बदल, बिजागरीला तेल घाल, आणि दीपेशच्या मुलांना हे दार कशासाठी उघडतात ते सांग. नुसती रीत सांगशील, तर तीही एक दिवस हसतील आणि पट्टी ठोकतील.