पिवळी मूठ

मला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला! पण गप्प बसेन ती मी कसली.

बारा वर्षांनी काका येणार होते. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, दोघेही न्हावी. आजोबा गेल्यावर त्यांच्या वस्तऱ्यावरून दोघांचं फाटलं. वस्तरा बाबांकडे राहिला, पण काकांनी जाताना बजावलं होतं, "माझ्यामागे एका जरी गालाला लावलास, तर पुन्हा तुझं तोंड बघणार नाही." आणि आता निरोप आला होता, 'चार वाजता वस्तरा बघायला येतो.'

सकाळी मी वस्तऱ्याची पेटी उघडली, तर हाडाची मूठ पार पिवळी पडलेली. काकांना वाटेल, आम्ही हेळसांड केली. दुकान आता मीच चालवते, त्यामुळे केस फिके करायचं पेरॉक्साइड हाताशी होतं. पात्याला तेलाचं फडकं गुंडाळलं, मुठीला भिजवलेला कापूस, आणि वस्तरा खिडकीतल्या उन्हात ठेवला. कापूस वाळला की पुन्हा भिजवायचा. तीनपर्यंत मूठ लख्ख झाली. मी स्वतःवरच खूश!

बाबांनी ती पाहिली आणि वस्तरा झटकन उचलून घेतला.

"अगं, काय करून बसलीस हे? वापरातलं हाड उजेडात पांढरं राहतं. अंधारात पडून राहिलं की पिवळं होतं. दादाला दाखवायला माझ्याकडे तेवढंच होतं!"

"चहाच्या पाण्यात बुडवू का? रंग चढेल."

"आता वर लबाडी नको."

काका चारच्या ठोक्याला आले. वस्तरा उजेडात धरून त्यांनी मूठ निरखली.

"छान पांढरी आहे की. रोज हातात असणार."

"काका, ती मी आजच..."

"तू बापाचीच बाजू घेणार."

बाबा नुसते तेलाच्या फडक्याची घडी घालत राहिले. मला त्यांचा असा संताप आला! तोंड उघडायला काय झालं होतं? काका दाराकडे वळले, तशी मी आडवी उभी राहिले.

"मूठ मी आज पांढरी केली. पात्याला हात लावलेला नाही. धार बघा ना!"

काका थबकले. मग खुर्चीत बसून त्यांनी मान मागे टाकली आणि बाबांना म्हणाले,

"वडिलांची शेवटची दाढी मीच केली. तेव्हाच हा बोथट होता. वापरला असशील, तर धार लावलीच असशील. आता चामड्याच्या पट्ट्यावर न फिरवता माझ्या गालाला लाव."

बाबांनी फेस लावला. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला बोथट वस्तरा लावला नव्हता. त्यांनी पातं गालावर टेकवलं आणि बोटभर खाली ओढलं. केस कापले गेलेच नाहीत, नुसते ओढले गेले. काका कळवळले. फेसात लाल ठिपका उमटला.

"बारा वर्षं?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"एकदाही नाही, दादा."

काका रडायला लागले. बाबाही. वस्तरा मीच काढून घेतला, नाहीतर दोघांनी एकमेकांना कापलं असतं.

"आता बघतोस काय?" काका फेसाळल्या तोंडाने खेकसले. "दगड काढ, धार लाव. असा अर्ध्या दाढीने मी घरी जायचा नाही."